खाडा

ऑफर रात्री बारापर्यंत.
आत्ता साडेनऊ,
आणि श्रीनिवासनं लाइट बिलाच्या पाठीवर
दोन रकाने आखलेत:
आधी भरले तर. तिथे घेतलं तर.

माणशी चौदाशे पन्नास, दोन दिवसांचे.
नाश्ता, जेवण, चारचा चहा, रात्री पुन्हा जेवण.
बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येणार नाहीत.
हे वाक्य मी दोनदा वाचते,
कारण चिवडा कालच करून ठेवलाय.

साडेचार फुटांच्या आत असेल तर मुलांचे अर्धे.
मृण्मयीला दाराला टेकवून उभं केलं.
पाळण्यांसाठी ताठ हो, म्हणाला हा,
आणि थाळीसाठी जरा वाक.
पट्टी तिच्या डोक्यावर आडवी,
चार फूट साडेसहा इंच.
अर्ध्या इंचानं पोरगी मोठी झाली
आणि सातशे पंचवीस रुपयांनी.

खाणार काय, तर वरणभात.
तोही पाण्यातून बाहेर निघाली तर.

कर्वेनगरहून सहाला निघालो तरी
घाट उतरेपर्यंत नाश्ता संपलेला,
दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला आम्ही
चांदणी चौकात अडकलेले.
आठातले दोन असेच गेले, श्रीनिवास म्हणतो,
पैसे मात्र आठांचे.
पेन थांबतं. पंखा फिरत राहतो.

तेव्हा कोपऱ्यातून दादा,
टीव्हीचा आवाज बंद करून:
"खाडा धरतात का?"

मृण्मयीला वाटलं खड्डा.

मग नारायण पेठेतली आगटेबाईंची मेस,
साल एकाहत्तर,
पंचावन्न रुपये एक तारखेला, आगाऊ.
पिवळं कार्ड, छप्पन्न चौकोन,
कारण रविवारी रात्री चूल बंद.
जेवलं की फुली.
आदल्या रात्री सांगितलं तर खाडा,
महिन्याला चार खाडे वजा, पाचवा बाईंचा.
दादा चारही घ्यायचे, न चुकता,
कोरेगावला चार रुपये जास्त जायचे त्यातून.

"आणि त्या दिवशी काय जेवायचात?"
"पाणी फार चांगलं होतं तेव्हा पुण्याचं."

हे मला माहीत नव्हतं.
बेचाळीस वर्षांची मी, त्यांची मुलगी,
मला कार्ड माहीत होतं, आमटी माहीत होती,
बाईंची बोटं मोजून वाढलेली चौथी पोळी माहीत होती.
हे नव्हतं.

फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती.
एखादं जेवण नको असेल तर, विचारलं,
आदल्या रात्री कळवलं तर?
"मॅडम, पॅकेज आहे ना," ती म्हणाली,
आणि थोडं थांबून, जणू मलाच समजावत,
"असं कुणी कळवत नाही."

दादांना साडेबाराला दीड भाकरी लागते, गोळीनंतर लगेच.
तिथलं जेवण दीडला, रांग लावून,
आणि रांगेच्या शेवटी गुलाबजाम.
डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर डबा चालतो,
हे तिनंच सांगितलं, विचारलं नसताना.

"माझा खाडा मांड," दादा म्हणाले
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तीन माणसांचे भरले.
फायद्याचं झालं का, तर नाही,
श्रीनिवासच्या हिशोबानं एकशे ऐंशी रुपये जास्तच गेले.
पण तिथे प्रत्येक वडापावाला तो पाकीट उघडणार
आणि प्रत्येक वेळी एक सुस्कारा टाकणार,
ते ऐकायचं नाही म्हणून मी एकशे ऐंशी दिले.
हे त्याला सांगितलेलं नाही.

झोपायच्या आधी दिवा घालवायला आले
तर मृण्मयी जमिनीवर पालथी,
पुठ्ठा पिवळ्या खडूनं रंगवत.
आठ चौकोन, पट्टीनं.
दोन तिनं आधीच खोडलेत, जाण्याचा आणि येण्याचा.
वर लिहिलंय दादाआजोबा,
खाली बारीक अक्षरात: हरवल्यास नवीन मिळणार नाही.

चिवड्याचं अजून ठरलेलं नाही.